बंद पाकिटातली दीर्घिका : जेम्स वेबचे वर्णपट घरच्या लॅपटॉपवर

अंत्रुजकर (धागाकर्ता)

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुर्बीण पुसली, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि पेटी कपाटावर चढवली. गोव्याच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत, हे इथल्या सगळ्या हौशी निरीक्षकांना ठाऊक आहे. आता दसऱ्यापर्यंत फोंड्यात तारे दिसण्याची आशा कमीच.

म्हणून यंदा ठरवलं, पाहता येत नाही तर 'पाहणं' म्हणजे काय तेच समजून घेऊ. एक खोटी दीर्घिका तयार करायची, ती जेम्स वेब दुर्बिणीला कशी दिसेल ते संगणकाकडून काढायचं आणि त्या चित्रावरून दीर्घिकेचं अंतर ओळखायचं. महिनाभर रोज रात्री हेच चाललंय. त्यात एकदा साफ फसलो आणि त्या फसण्यातून जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं. म्हणून हा धागा.

आधी यंत्राबद्दल. वेबवर निअरस्पेक नावाचा वर्णपटमापक आहे. युरोपीय अवकाश संस्थेने दिलेला. ०.६ ते ५.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश तो फोडून दाखवतो. त्याच्या पोटात नासाने बनवलेली सूक्ष्म झडपांची जाळी आहे. जवळजवळ अडीच लाख झडपा, प्रत्येकीची उघडी जागा आकाशात ०.२० गुणिले ०.४६ कोनीय सेकंद. हव्या त्या दीर्घिकांवरच्या झडपा उघडायच्या, बाकीच्या बंद. एकाच वेळी शंभराहून जास्त दीर्घिकांचे वर्णपट मिळतात.

संगणकावर हे करायला पांडेया नावाचं पायथन पॅकेज आहे. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने ते बनवलंय आणि फुकट आहे. वेबवर वेळ मागणारे खगोलशास्त्रज्ञ 'मला किती तास लागतील' याचा हिशेब याच इंजिनावर करतात. त्याला दीर्घिकेचा वर्णपट, तिचा आकार, झडपेतली जागा आणि निरीक्षणाचा वेळ सांगायचा. ते प्रत्येक तरंगलांबीला किती सिग्नल आणि किती नॉइज मिळेल ते सांगतं. मग त्या नॉइजच्या मापाने आपणच यादृच्छिक आकडे मिसळायचे की खऱ्यासारखा खडबडीत वर्णपट तयार.

सुरू करणाऱ्यांना एक सूचना: इंजिन आणि त्याच्या संदर्भ-फाइली यांची आवृत्ती एकच हवी. माझ्या दोन रात्री तिथेच गेल्या.

आता फसल्याची हकिगत. माझी भाची अभियांत्रिकीला आहे, सुट्टीत आली होती. तिला म्हटलं, तू दीर्घिका बनव, मला सांगू नकोस. तिने अंतराचा आकडा कागदावर लिहिला, लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटात घातला आणि पाकीट पंचांगात ठेवून दिलं. मला फक्त एका तासाच्या निरीक्षणाचा वर्णपट दिला.

पडद्यावर काय होतं? १.८२ मायक्रॉनच्या डावीकडे काहीच नाही, नुसता नॉइज. उजवीकडे एकदम प्रकाश चढतो आणि मग साधारण सपाट जातो. रेषा, म्हणजे वायूचा ठरावीक तरंगलांबीवरचा ठळक प्रकाश, एकही नाही. मी पाच मिनिटांत सांगितलं, रेडशिफ्ट १४! (रेडशिफ्ट म्हणजे वाटेत प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप. जितकं मोठं, तितकी दीर्घिका लांबची.) कारण लायमन-आल्फा या हायड्रोजनच्या रेषेची मूळ तरंगलांबी ०.१२१६ मायक्रॉन. रेडशिफ्ट १४ असेल तर सगळं पंधरा पटींनी ताणलं जातं, ०.१२१६ गुणिले १५ म्हणजे १.८२. त्याहून लहान तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो. विश्व जेमतेम तीस कोटी वर्षांचं असतानाची दीर्घिका. अंगावर काटा आला होता, खरं सांगतो.

पाकिटात होतं ४.

तिने एक म्हातारी, शांत दीर्घिका बनवली होती, नवे तारे जन्माला घालणं थांबवलेली. म्हणून रेषा नाहीत. अशा दीर्घिकेत बामर तूट असते, म्हणजे तिच्या डावीकडे ताऱ्यांचा प्रकाश एकदम कमी होतो. मूळ जागा ०.३६५ मायक्रॉनच्या आसपास. गुणिले ५, पुन्हा १.८२. दोन वेगळ्या तुटी, अब्जाहून जास्त वर्षांचं अंतर, आणि पडद्यावर दोघींची जागा एकच.

पण म्हाताऱ्या दीर्घिकेचा उजवा भाग तांबडा, म्हणजे वर चढत जाणारा हवा होता. तो सपाट का दिसला? याचं उत्तर शोधायला तीन दिवस लागले. भाचीने दीर्घिका झडपेच्या मधोमध न ठेवता कडेला सरकवली होती. दुर्बिणीत प्रकाशाच्या बिंदूचा जो ठिपका दिसतो तो तरंगलांबीबरोबर पसरतो. साडेसहा मीटरच्या आरशाला १ मायक्रॉनवर तो ०.०३ कोनीय सेकंदांच्या घरात, ५ मायक्रॉनवर ०.१६ च्या. झडप ०.२० रुंद. म्हणजे कडेला असलेल्या दीर्घिकेचा तांबडा प्रकाश जास्त प्रमाणात झडपेबाहेर सांडतो, निळा त्या मानाने आत राहतो. तांबडी दीर्घिका त्यामुळे निळसर वाटली आणि मी तिला तरुण समजलो.

मग हीच दीर्घिका सोळा तासांची करून पाहिली. वेळ सोळा पट, त्यामुळे सिग्नल-नॉइज गुणोत्तर चौपट. आता तुटीच्या डावीकडे अगदी मंद पण खरा प्रकाश दिसला. लायमन तूट असती तर तिथे शून्यच राहिलं असतं.

इथे कुणी असे प्रयोग करतं का? करत असाल तर लिहा.

---

वाळवंटीकाठ

फार सुंदर लिहिलंत. पाकिटाची कल्पना मला सर्वांत आवडली. मी साखळीला शाळेत विज्ञान शिकवतो. तांत्रिक भाग सगळा कळला असं म्हणणार नाही, पण 'जागा एकच, तुटी दोन' हे मुलांना फळ्यावर नुसता गुणाकार करून दाखवता येईल. एक शंका: रेडशिफ्ट म्हणजे अंतर असं सरळ म्हणावं का?

---

अंत्रुजकर

@वाळवंटीकाठ, चांगला प्रश्न. रेडशिफ्ट, मराठीत ताम्रसृती, म्हणजे प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणलं गेलं त्याचं माप. एक मिळवला की ताणाचा आकडा. ते थेट मोजलेलं असतं. अंतर किंवा वय त्यावरून विश्वाचं मॉडेल घेऊन काढतात. ॲस्ट्रोपाय पॅकेजमध्ये ते एका ओळीत निघतं. बोलताना आम्ही 'अंतर' म्हणून मोकळे होतो, फळ्यावर मात्र 'ताण' म्हणा. मुलांना रबराच्या पट्टीवर पेनाने रेघा मारून दाखवता येतं: पट्टी ताणली की सगळ्या रेघा एकाच पटीने लांब जातात, एकमेकींशी असलेलं प्रमाण बदलत नाही. रेषा ओळखायचं सगळं गुपित त्या प्रमाणात आहे.

---

झुआरीपार

एक रोखठोक प्रश्न विचारतो, राग मानू नका. वेबचे खरे वर्णपट सार्वजनिक संग्रहात फुकट आहेत. मग खोटे बनवण्यात महिना का घालवायचा? आपणच घातलेलं आपणच काढायचं, यात नवीन काय सापडणार?

---

पुणेरी_वर्णपट

@झुआरीपार, मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून उत्तर देतो.

खऱ्या वर्णपटाला पाकीट नसतं. तुम्ही रेडशिफ्ट १४ म्हणालात, तर ते चूक आहे हे कोण सांगणार? आपली पद्धत किती वेळा आणि कोणत्या दिशेने चुकते ते मोजायचं असेल तर उत्तर माहीत असलेल्या दीर्घिकाच लागतात. त्या आकाशात मिळत नाहीत, बनवाव्या लागतात. म्हणूनच वेब उडायच्या आधी, २०१८ मध्ये जेड्स या वेबच्या दूरच्या दीर्घिका शोधणाऱ्या प्रकल्पाच्या गटाने जॅग्वार नावाची अख्खी खोटी दीर्घिका-सूची तयार केली होती, रेडशिफ्ट ०.२ पासून १५ पर्यंत. त्यावर तालीम करूनच खरं निरीक्षण आखलं गेलं.

अंत्रुजकरांना जे झालं तसंच खऱ्या आकाशातही झालंय. २०२२ मध्ये सीअर्स-९३३१६ नावाची दीर्घिका चित्रांमधल्या रंगांवरून रेडशिफ्ट १६ ची वाटली होती. जगभर चर्चा झाली. २०२३ मध्ये निअरस्पेकने वर्णपट घेतला, निघाली ४.९. तिथे तर दुहेरी गंमत होती: धूळ भरपूर, आणि ऑक्सिजन व हायड्रोजन-आल्फाच्या ठळक रेषा नेमक्या अशा फिल्टरांमध्ये पडल्या की सगळे रंग मिळून दूरच्या निळ्या दीर्घिकेसारखे दिसले. ४.९ ची शक्यता काही संशोधकांनी आधीच लिहून ठेवली होती, कारण त्यांनी मॉडेलमध्ये अशा दीर्घिका घालून पाहिल्या होत्या.

---

झुआरीपार

@पुणेरी_वर्णपट, पटलं. 'खऱ्या वर्णपटाला पाकीट नसतं' हे लक्षात राहील.

---

पुणेरी_वर्णपट

अंत्रुजकर, आता तुमच्या कामाबद्दल तीन गोष्टी. प्रेमाने सांगतोय.

पहिली. तुम्ही प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र नॉइज मिसळताय असं दिसतं. खऱ्या निअरस्पेकमध्ये शेजारच्या पिक्सेलांचा नॉइज एकमेकांशी बांधलेला असतो. थोडा शोधकातच, आणि पुढे वर्णपट सरळ करून नव्या जाळीवर बसवताना आणखी. त्यामुळे खऱ्या माहितीत नॉइजचे गठ्ठे येतात आणि गठ्ठा रेषेसारखा दिसतो. तुमच्या खोट्या वर्णपटात जी रेषा 'नक्की' वाटते ती खऱ्यात 'कदाचित' असते. पांडेया अपेक्षित सिग्नल आणि नॉइजचं माप देतं, कच्च्या फ्रेममधले वैश्विक किरणांचे ओरखडे आणि उघड्या अडकलेल्या झडपांतून शिरलेला प्रकाश तुम्हाला त्यात मिळणार नाही. तेवढ्या खोलात जायचं तर युरोपीय संस्थेसाठी लिऑनमध्ये तयार झालेला वेगळा सिम्युलेटर आहे. पण तुमच्या कामाला पांडेया पुरे. फक्त नॉइज मिसळण्याआधी शेजाऱ्यांमध्ये थोडा पसरवा.

दुसरी. लायमन तूट चाकूने कापल्यासारखी बनवलीत का? दाट उदासीन हायड्रोजन तुटीची कड गोल करतो आणि ती थोडी तांबड्याकडे सरकते. मग रेडशिफ्ट खऱ्याहून जास्त निघतं. जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये वेबच्या तुटीवरून १४.३२ ठरलं. २०२५ मध्ये चिलीच्या अल्मा दुर्बिणीने तिच्यातल्या ऑक्सिजनची रेषा पकडली, तेव्हा १४.१८ निघालं. रेषा मिळाली की वाद मिटतो.

तिसरी. ऑक्सिजनची रेषा ५००७ ॲंगस्ट्रॉमला (दहा हजार ॲंगस्ट्रॉम म्हणजे एक मायक्रॉन) घेतलीत?

---

अंत्रुजकर

पहिल्या दोन्ही मान्य. कड चाकूनेच कापली होती. आज रात्रीच दुरुस्त करतो.

तिसरी मात्र कळली नाही. ५००७ नाही तर किती?

---

पुणेरी_वर्णपट

५००७ ही हवेतली तरंगलांबी. प्रयोगशाळेतले जुने तक्ते हवेतले असतात. वेब पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिथे हवा कुठली? निर्वातात ती ५००८.२४. फरक १.४ ॲंगस्ट्रॉम, म्हणजे वेगाच्या भाषेत सुमारे ८४ किलोमीटर प्रतिसेकंद. निअरस्पेकच्या लोलकाने फोडलेल्या ढोबळ वर्णपटात हे दिसणारही नाही. पण निअरस्पेकच्या सर्वांत बारीक, प्रकाश फोडणाऱ्या विवर्तन-जाळीची विभेदनक्षमता २७०० आहे, तिथे वेगळा ओळखता येणारा एक घटक (प्रकाशाचा वेग भागिले २७००) १११ किलोमीटर प्रतिसेकंदांचा पडतो. हायड्रोजनच्या रेषा निर्वातातल्या आणि ऑक्सिजनच्या हवेतल्या घेतल्यात, तर तुमच्या दीर्घिकेतला वायू उगाचच वाहताना दिसेल आणि तुम्ही कृष्णविवराचा झंझावात शोधत बसाल.

---

अंत्रुजकर

ओहो! गेल्या आठवड्यात एका वर्णपटात नेमकं हेच दिसलं होतं. ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा किंचित निळ्याकडे. मी दीर्घिकेच्या वर्णपटात, झडपेत, सगळीकडे चूक शोधली. वायू आपल्या दिशेने येतोय असं भाचीला समजावूनही झालं होतं. तिला आत्ताच फोन करून सांगितलं. मनापासून आभार.

---

म्हापशाची_मावशी

मला यातलं शास्त्र फारसं कळत नाही. पण लहानपणी वडील पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर घेऊन गेले होते, तिथल्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली. आजही डोळे मिटले की दिसतात. तुम्ही सगळे इतक्या लांबचं मराठीत बोलताय हे वाचून बरं वाटलं. लिहीत राहा.

---

पेडण्याची_पोर

नमस्कार सर. मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे आठ जीबीचा जुना लॅपटॉप आहे. चालेल का? आणि मलाही एक पाकीट द्याल का?

---

अंत्रुजकर

@पेडण्याची_पोर, नक्की चालेल. एका दीर्घिकेच्या एका गणिताला फार ताकद लागत नाही. हजार दीर्घिकांचं लूप लावलंस तर रात्रभर चालू ठेव आणि प्रत्येक गणितानंतर निकाल फाइलीत लिहायला सांग. आमच्याकडे गेल्या गुरुवारी पावसात वीज गेली, इन्व्हर्टरही बसला आणि सहाशे दीर्घिका हातच्या गेल्या, कारण मी शेवटी एकदाच जतन करत होतो.

सुरुवातीला पांडेयाला हातच लावू नकोस. आधी वहीत कर. हायड्रोजन-आल्फा ०.६५६५ मायक्रॉन, ऑक्सिजन ०.५००८. निअरस्पेकची शेवटची मर्यादा ५.३. कोणत्या रेडशिफ्टनंतर कोणती रेषा खिडकीबाहेर जाते ते काढ. हायड्रोजन-आल्फा ७ च्या जवळपास निसटते, ऑक्सिजन साडेनऊच्या पुढे. म्हणजे रेडशिफ्ट ८ च्या दीर्घिकेत हायड्रोजन-आल्फा शोधायला जाऊच नये. हा तक्ता स्वतःच्या हाताने केलास की पडद्यावरची रेघ बघताना डोळा आपोआप योग्य ठिकाणी जातो.

तेजाचं एकक गोंधळात टाकेल. २८ व्या प्रतीची दीर्घिका म्हणजे सुमारे २३ नॅनोजान्स्की. पांडेयाला मिलीजान्स्की लागतात. शून्यं मोजून घाल.

पाकीट तयार करतो. वर्णपटाची फाइल व्यक्तिगत संदेशातून पाठवतो, उत्तर माझ्याकडे बंद.

---

वाळवंटीकाठ

@पेडण्याची_पोर, शाब्बास. उत्तर इथेच लिही, आम्ही वाट बघतोय.

---

घुमटवाला

थोडा बाजूचा प्रश्न. मध्यंतरी पुण्याच्या संशोधकांनी शोधलेल्या अलकनंदा दीर्घिकेची बातमी वाचली. तिचं अंतर असंच ठरलं का?

---

पुणेरी_वर्णपट

@घुमटवाला, अलकनंदा पुण्याच्या एनसीआरए या खगोलसंस्थेच्या संशोधकांनी वेबच्या चित्रांमधून शोधली, रेडशिफ्ट सुमारे ४. विश्व दीड अब्ज वर्षांचं असताना इतके रेखीव सर्पिल बाहू, हे तिचं वैशिष्ट्य. अंतर अनेक फिल्टरांमधल्या तेजावरून काढलंय. खूप फिल्टर असले की ती पद्धतही भक्कम होते, सीअर्स-९३३१६ च्या वेळी इतके नव्हते. तिच्यातला वायू कसा फिरतो हे बघायला मात्र वर्णपटच लागेल. अंत्रुजकर, बघा, पुढच्या पाकिटाला चांगला विषय आहे: फिरणारी तबकडी एका झडपेत बसत नाही, मग बाजूबाजूच्या झडपांत रेषा किती सरकलेली दिसेल?

---

अंत्रुजकर

विषय घेतला. त्याला चवथीची सुट्टी लागेल.

---

पेडण्याची_पोर

सर, चार दिवस लावले, म्हणून उशीर झाला.

वर्णपट एका तासाचा, लोलकाचा. एकच रेषा दिसते, ३.८८ मायक्रॉनला. नॉइजच्या साधारण पाचपट उंच. बाकी पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच, तुटीचा पत्ता नाही.

हायड्रोजन-आल्फा धरली तर रेडशिफ्ट ४.९. ऑक्सिजन धरली तर ६.७५. पहिल्या पर्यायात ऑक्सिजन २.९६ ला दिसायला हवा, तो दिसत नाही. दुसऱ्या पर्यायात हायड्रोजन-आल्फा ५.०९ ला हवी, तीही दिसत नाही, पण तिथे नॉइज इतका आहे की लपली असेल. म्हणून मी एकच आकडा सांगत नाही. दोन्ही लिहिते.

---

वाळवंटीकाठ

एकच आकडा न सांगणं हेच मला फार आवडलं.

---

अंत्रुजकर

मलाही. महिन्याभरापूर्वी मी पाच मिनिटांत १४ म्हटलं होतं.

पाकीट अजून उघडत नाही. याच दीर्घिकेची चार तासांची फाइल पाठवतो. नॉइज सापेक्षतेने निम्मा होईल. आता ५.०९ कडे बघू नकोस. ऑक्सिजनची रेषा एकटी कधीच नसते. तिच्या शेजारी, ४९६० ॲंगस्ट्रॉमच्या जागी, जवळजवळ एक तृतीयांश उंचीची दुसरी असते. हे प्रमाण अणूच्या रचनेतून ठरतं, दीर्घिका कुठलीही असो.

---

पेडण्याची_पोर

कळलं सर! ६.७५ असेल तर ती जोडीदारीण ३.८४ मायक्रॉनला. मुख्य रेषा आता नॉइजच्या दहापट आहे, म्हणजे ती तिप्पट तरी दिसायला हवी. तिथे काहीही नाही. सपाट. आजूबाजूचे वीस पिक्सेल मोजले, सगळे नॉइजच्या आतच.

पण @पुणेरी_वर्णपट यांनी गठ्ठ्यांबद्दल लिहिलं होतं, म्हणून आणखी एक केलं. याच मापाचा नॉइज शेजाऱ्यांत पसरवून दोनशे वेळा नव्याने बनवला आणि दर वेळी ३.८४ ला खोटी जोडीदारीण घालून बघितली. बहुतेक वेळा ती दिसते. काही वेळा नॉइजमध्ये बुडते.

म्हणून ४.९ कडे झुकते. २.९६ चा ऑक्सिजन का नाही, ते मात्र सांगता येत नाही. धूळ निळ्याकडचा प्रकाश जास्त खाते, म्हणून असेल का?

---

पुणेरी_वर्णपट

आमच्याकडे एम.एस्सी.ची मुलं ही दुसरी पायरी करत नाहीत.

---

अंत्रुजकर

पंचांगातून पाकीट काढलं, फोटो व्यक्तिगत संदेशात पाठवलाय. आत लिहिलंय: '४.९१. धूळ खूप. ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलाय.'

पुढचं पाकीट तू बनव. मी सोडवतो.

---

पेडण्याची_पोर

बनवते सर. चवथीआधी पाठवते.